वाळा ड्युटीवर आहे

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझ्यापुढे पाण्याच्या तांब्याआधी चिखलाच्या दोन बरण्या ठेवल्या.

लोणच्याच्या असतात तशाच चिनीमातीच्या बरण्या, तोंडाला फडकं बांधलेलं. मी नगरहून प्रवरेकाठच्या त्या गावात माध्यमिक शाळेवर विज्ञान शिकवायला रुजू झाले होते आणि खोलीसाठी हिंडताना हे माझं तिसरं घर होतं. आधीच्या दोन घरांत लग्न का नाही झालं, मटण शिजवणार का, भेटायला कोण कोण येणार, असे सगळे प्रश्न विचारून झाले होते. इथे यातलं काहीच नाही. खाकी शर्ट घातलेले, गुडघ्यापर्यंत धोतर वर खोचलेले एक उंच गृहस्थ माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "वास घ्या आन सांगा. यातली कंची वरची आन कंची डोहातली?"

वरची म्हणजे कशाच्या वरची आणि डोह कुठला, मला काही कल्पना नव्हती. पण एस.टी.ने हाडं खिळखिळी झाली होती आणि खोलीला वेगळी मोरी होती, म्हणून मी वाकून वास घेतला. पहिलीला पाणी पाजलेल्या वाफ्याचा वास होता. दुसरीवरचं फडकं काढलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. नासलेली अंडी आणि टॉर्चमध्ये विसरलेले गळके सेल एकत्र कुटावेत तसा काहीतरी प्रकार होता.

"ही दुसरी डोहातली," मी नाक धरून म्हटलं.

"पास. खोली तुमची."

आतून बाईंचा आवाज आला, "अवो, आधी च्या तरी पिऊ द्या त्यान्ला. मागल्या मास्तरला बी असंच केलं तुमी."

मागच्या मास्तरांनी म्हणे दोन्ही बरण्यांचा वास सारखाच आहे असं सांगितलं होतं आणि काकांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. ज्याला नाक नाही तो मोरीत काय ओतेल याचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला काकू. गाव मात्र त्यांना पाटकरी म्हणायचं, रिटायर होऊन पाच-सहा वर्षं झाली तरीही.

पाटकरी म्हणजे कालव्याच्या पाण्याचा माणूस. कुणाच्या शेताला किती तास पाणी, कुठलं दार किती उघडायचं, कुठली चारी फुटली, हे सगळं त्याच्याकडे. काकांनी अख्खी नोकरी पाटाच्या भरावावरून चालत काढली होती आणि ती चाल पायातून गेली नव्हती. खोल्या आखूड पडतात म्हणून ते घरात बोलतानासुद्धा अंगणापर्यंत जाऊन परत येत, आणि त्यांचं निम्मं वाक्य ऐकायला आपल्यालाही मागे जावं लागे. हातात कायम लोखंडी टोकाची काठी, तिच्यावर फुटाच्या खुणा. या काठीने ते काहीही मोजत. एकदा माझ्या खोलीत येऊन त्यांनी साठलेल्या भांड्यांची उंची मोजली होती. त्या दिवसापासून मी भांडी रोजच्या रोज घासायला लागले.

भाडेकरूसाठी नियम एवढेच. मोरीत ॲसिड ओतायचं नाही, पाण्याचा नळ टपकत ठेवायचा नाही, आणि सकाळी सातला हजेरी चालू असताना मध्ये बोलायचं नाही.

हजेरी म्हणजे काय ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. घरामागे उतार होता, उताराखाली ओढा, आणि तो ओढा जिथे प्रवरेला मिळत होता तिथे एक मोठा डोह. डोहाच्या काठाने आणि उथळ पाण्यात रांगेने झाडं लावलेली. वाळ्याचे ठोंब, पाणकणीस, लव्हाळा, आणि कडेला शेरणीची झुडपं. काका कालव्याच्या खात्यातलं जुनं हजेरीबुक घेऊन तिथे उभे राहत आणि एकेका ठोंबासमोर थांबून नोंद करत. वाळा नंबर चार, हजर. वाळा नंबर पाच, हजर. पाणकणीस नंबर दोन, आजारी. शेळीने खाल्लेल्या ठोंबापुढे खाडा पडे. नवीन फुटवे आले की 'नवीन भरती' असं लाल शाईने लिहीत. शेरणी पुरात वाकते पण मुळं सोडत नाही, म्हणून ती मुकादम होती. बाकी सगळी तिची गँग.

मी एम.एस्सी. केलेली बाई. पहिल्या आठवड्यात मला वाटलं की आपण एका भ्रमिष्ट माणसाच्या घरात राहायला आलो आहोत. दुसऱ्या आठवड्यात मी सकाळी चहाचा कप घेऊन हजेरी बघायला उतारावर बसू लागले. तिसऱ्या आठवड्यात थट्टेने विचारलं, "काका, माझं पण नाव लिहा की. मी रोज हजर असते."

"तुमी भाडेकरू," ते मान वर न करता म्हणाले. "हजेरी काम करनाऱ्याची असती."

मला हे लागलं.

डोहाची गोष्ट मला काकूंनी भाजी निवडताना सांगितली. ओढ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी एक शेड होती. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं आणि उरलेलं सगळं ओढ्यात सोडायचं, असा धंदा. शेडवाला बाहेरगावचा होता, तो एक दिवस पत्र्यांसकट निघून गेला. राहिला तो चिखल, आणि वाहत येऊन तो सगळा डोहाच्या तळाशी बसला. मासे गेले, बेडूक गेले. पोरं पूर्वी तिथे पोहायची ती बंद झाली. शिशाला वास नसतो, हे शिकवायचाच मला पगार मिळतो. वास होता तो मेलेल्या डोहाचा; 'वरची' बरणी शेडच्याही वरच्या, चांगल्या ओढ्यातली. पण काकांना बरणीतून पास-नापास ठरवायला तो पुरेसा होता, आणि नाक म्हणजे लॅब नव्हे हे त्यांनाही माहीत होतं. वर्षातून एकदा ते डोहातला चिखल नगरच्या एका लॅबला पाठवत आणि आलेला कागद हजेरीबुकात लावून ठेवत.

"मग गावानं तो चिखल काढून का नाही टाकला?" मी विचारलं.

"टाकायचा कुटं?" मागून काका म्हणाले. ते अंगणातून परत येत होते. "उकरला म्हंजी पान्यात कालावला. कालावला म्हंजी खालच्या गावाला पाजला. आन वर काढून कुनाच्या रानात टाकायचा? तुमच्या?"

माझं रान नव्हतं, पण प्रश्न बरोबर होता.

त्यांचं शास्त्र त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी पाटाच्या कडेला बघितलं होतं की जिथे वाळा आणि पाणकणीस दाट असतं तिथून पुढे पाणी निवळ जातं आणि गाळ जागेवर बसतो. पुढे एका शिबिरात कुणीतरी सांगितलं की वाळ्याची मुळं शिसंसुद्धा ओढून धरतात, आणि काका दुसऱ्याच दिवशी फावडं घेऊन डोहात उतरले. बाहेरची झाडं त्यांना चालत नसत. एका उत्साही पाहुण्याने जलपर्णी सुचवली होती, भराभर वाढते म्हणून. काकांनी त्याला जेवू घातलं आणि सांगितलं, "ती पाहुनी हाय. पूर आला का पैठनपातूर जाईल वाहत आन तिथं ऱ्हाईल. आपल्याला इथं ऱ्हानारी मान्सं पायजेत. जिला परवरेचा पूर ठावा हाय तीच टिकल."

गावाला हे पटत नव्हतं. विशेषतः यात्रा कमिटीच्या अध्यक्षांना. तिशीतला उमदा गडी, घरी मोठा ऊस आणि दारात स्वतःचा जेसीबी. त्याला डोह उकरून तिथे फरशीचा घाट बांधायचा होता. ग्रामसभेत बरीच बोलाचाली झाली आणि शेवटी काकांना चैत्रातल्या यात्रेपर्यंत मुदत मिळाली. तोवर डोह सुधारलेला दिसला नाही तर जेसीबी उतरणार, असा ठरावच झाला. मी आले ती आषाढात. म्हणजे काकांच्या हातात जेमतेम नऊ महिने होते.

ते काही घाबरलेले दिसत नसत. फक्त हजेरी सकाळची एकदा होती ती दिवसातून दोनदा सुरू झाली, आणि काकू म्हणायच्या, "माज्या बाळतपनात बी इतक्या चकरा न्हाई मारल्या ह्यांनी."

दिवाळीपर्यंत डोहावर चतुर उडायला लागले. थंडीत बगळ्याच्या जातीची एक ढोकरी येऊन लव्हाळ्यात ध्यान लावून बसली, आणि काकांनी तिला हजेरीबुकात 'तपासणी अधिकारी' म्हणून घेतलं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आलेल्या बायका काठावर उभ्या राहून म्हणाल्या, आता नाकाला पदर लावावा लागत नाही. वाळा तर असा माजला होता की वाऱ्यावर त्याचा गारसर वास माझ्या खिडकीपर्यंत यायचा. गावातली माणसं येता जाता म्हणू लागली, पाटकऱ्याचा वाळा लई गुणाचा आहे, विष पचवतो. काका ऐकून खूश व्हायचे. तेव्हा कुणालाच, मला तर मुळीच, कळलं नाही की या कौतुकातच घोटाळा दडला होता.

फाल्गुन संपता संपता काकांनी वाळ्याचे जुने ठोंब उपटले, कोवळे परत लावले, आणि उपटलेल्या मुळ्या गच्चीवर ताडपत्रीवर वाळत घातल्या. मग लेकीकडे सोनईला दोन दिवस गेले. जाताना मला म्हणाले, "गच्चीवर लक्ष असू द्या, पाखरं मुळ्या नेतील." बास, एवढंच. मी विज्ञानाची मास्तरीण, मला काय सांगायचं आणखी, असा त्यांचा समज.

मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि त्या वासाने माझी आईच समोर उभी राहिली. आमच्या घरी उन्हाळा सुरू झाला की आई बाजारातून वाळ्याची जुडी आणायची, धुऊन फडक्यात बांधायची आणि माठात सोडायची. शाळेतून आलं की त्या पाण्याचा पेला. ताडपत्रीवर एवढा ढीग पडला होता. मी दोन मुठी उचलल्या, तीन पाण्यांनी धुतल्या आणि माझ्या माठात सोडल्या. पाणी काय सुंदर झालं म्हणून सांगू. दोन दिवस मी ते चवीने प्याले.

आणि मग मला परोपकार सुचला. गुढीपाडव्याला स्टँडवर गावाची पाणपोई सुरू व्हायची होती आणि माठ भरायची पाळी आमच्या शाळेकडे होती, म्हणजे माझ्याकडे. मी सकाळीच चार माठ भरले आणि प्रत्येकात वाळ्याची एकेक पुरचुंडी सोडली. काकांचं काम गावाला चाखायला मिळेल, यात्रा आठ-दहा दिवसांवर आहे, मुदत वाढवून द्यायला लोकांची मनं वळतील, असा माझा हिशोब. रसायनशास्त्रात मला पदक होतं हे इथे सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला जास्त मजा येईल.

दहा वाजता सरपंचबाई आल्या. हार, नारळ, अगरबत्ती झाली. अध्यक्षांनी भाषण केलं. मी पहिला पेला भरून सरपंचबाईंच्या हातात दिला. तेवढ्यात सोनईची एस.टी. येऊन थांबली आणि हातात पिशवी, बगलेत काठी अशा अवतारात काका खाली उतरले.

ते आमच्याकडे बघून हसले, दोन पावलं पुढे आले आणि थांबले. मान वर करून त्यांनी वास घेतला. एकदा. परत एकदा. मी तो चेहरा बरण्यांच्या वेळी बघितला होता.

"सरपंचबाई," ते शांतपणे म्हणाले, "पेला खाली ठिवा."

सरपंचबाईंनी ओठाला लावलेला पेला घाबरून खाली ठेवला. काकांनी पिशवी जमिनीवर ठेवली, काठी दोन्ही हातांत धरली आणि पाडव्याच्या मुहूर्तावर, हार घातलेले चारही माठ एकामागून एक फोडले. कुणाला पुढे व्हायचं सुचलंच नाही. पाणी स्टँडभर झालं आणि चार पुरचुंड्या चिखलात पडल्या.

"पाटकरी, पुन्याच्या कामात ह्ये काय केलंत?" अध्यक्ष पुढे आले.

"ह्यो डोहातला वाळा हाय."

"मग? तुमीच म्हनता न्हवं, वाळा साफ करतो म्हनून?"

"साफ करतो म्हंजी गिळतो. शिसं आता चिखलात न्हाई, त्याच्या मुळीत हाय. केरसुनी घर साफ करती, म्हनून ती कुनी पानात वाढून घेतं का?"

 मग कुणीतरी विचारलं, पुरचुंड्या टाकल्या कुणी. काकांची नजर गर्दीवरून फिरली आणि माझ्यावर आली. माझा चेहरा त्या वेळी कुठल्याही शहाण्या माणसाला वाचता आला असता.

"वाळा माजा हाय," ते म्हणाले. "उघड्यावर मी टाकून गेलो. चूक माजी."

"म्हंजी विषाची शेती चालवलीय तुमी गावात," अध्यक्ष म्हणाले. "येत्या ग्रामसभेला जेसीबी घिऊनच येतो."

आणि मी तोंड उघडलं नाही. हे मला अजून बोचतं. समोर माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप उभे होते, नोकरी नवी होती, आणि माझे पाय जमिनीला चिकटले होते. मी तिथून सरळ घरी आले आणि पलंगावर बसून राहिले.

काका आले ते थेट माझ्या खोलीत. माठाचं झाकण काढून आत बघितलं. "किती दिस पेल्या?"

"दोन."

त्यांनी माठ उचलला आणि मागे नेला. परसात सिमेंटचा जुना झाकणाचा हौद होता, उपटलेल्या मुळ्या सुकल्या की ते त्यातच कोंडून ठेवत, हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. माठ मुळ्यांसकट त्यात गेला. परत येऊन म्हणाले, "उद्या नगरला जाऊन रक्त तपासून या. दोन दिवसानं काय व्हत न्हाई, पर बघितल्याबिगर मला झोप न्हाई यायची."

"काका, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

"तुमची नोकरी नवी हाय. माजी झाली." एवढं बोलून ते चालत अंगणात गेले, आणि या वेळी वाक्याचा उरलेला भाग ऐकायला मला मागे जावं लागलं नाही, कारण वाक्य संपलं होतं.

काकूंनी रात्री ताट वाढताना एवढंच म्हटलं, "मला बी सांगितलं न्हवतं हो त्यांनी, मुळीत काय असतं त्ये. आपलं नशीब का मी दात घासायला न्हाई घेतली."

मी नगरला गेले. रक्त दिलं, आणि काकांनी स्टँडवरून उचलून आणलेल्या एका पुरचुंडीतल्या मुळ्याही त्यांच्या त्या लॅबला दिल्या. पाच दिवसांनी दोन कागद हातात पडले. माझं रक्त व्यवस्थित होतं. मुळ्यांचा कागद बघून मात्र लॅबमधल्या माणसाने विचारलं, हे कुठून आणलंत. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती.

मारुतीच्या देवळासमोर मांडव घातला होता आणि जेसीबी खरोखरच मागे आणून उभा केला होता, त्याला झेंडूची माळ घातलेली. विषय निघाला. अध्यक्ष बोलले. त्यांचं बोलणं काही चुकीचं नव्हतं, लेकराबाळांचं गाव आहे, विषारी झाड कशाला पाहिजे. शेवटी त्यांनी काकांना विचारलं, "पाटकरी, एक सांगा. गावानं सोडून दिलं, सरकारनं सोडून दिलं. तुमचं काय अडकलंय त्या चिखलात?"

काका उठले. चार पावलं पुढे गेले, चार पावलं मागे आले. मग पहिल्यांदाच मी त्यांना एका जागी उभं राहून बोलताना पाहिलं.

"शेड चालू व्हती तवा ओढा तुंबला व्हता काळ्या गाळानं. शेडवाला माज्याकडं आला. म्हनला, पाटाचं जादा पानी ओढ्यात सोडायचं दार हाय न्हवं, त्ये एकदा सोडा, समदं धुऊन जाईल. मला वाटलं, बरं हाय, ओढा साफ व्हईल. सोडलं. दिसभर सोडलं." त्यांनी काठी समोर टेकवली. "ओढा साफ झाला. समदं डोहात येऊन बसलं. शेडवाल्यानं घान केली ती ओढ्यातच व्हती, फावड्यानं भरता आली असती. डोहात मी नेली. कुनाला ठावं न्हाई. हिला बी न्हाई."

काकू बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला ठावं हाय. झोपेत बोलता तुमी."

मांडव हसला. आणि त्या हसण्यात माझे पाय सुटले. मी उठले.

"पाणपोईत वाळा मी टाकला होता," मी म्हटलं. "काकांनी नाही. ते गावात नव्हते. मी विज्ञान शिकवते आणि तरी मला कळलं नाही. मी स्वतःही दोन दिवस प्याले." मग मी कागद काढला आणि मुळ्यांत किती शिसं सापडलं ते वाचून दाखवलं. "हे एका मुठीत आहे. असे ठोंब डोहात शेकड्याने आहेत. हे सगळं कालपर्यंत चिखलात होतं. वाळ्याने धरून ठेवलंय."

मला वाटलं होतं लोक ओरडतील. कुणी ओरडलं नाही. सरपंचबाई कपाळाला आठ्या घालून बोटं मोजल्यासारख्या बसल्या होत्या.

"म्हंजी जे मी पेले असते," त्या म्हणाल्या, "ते मुळीत हुतं. मुळी नसती तर चिखलात हुतं. आन जेसीबीनं चिखल ढवळला असता तर?" त्या अध्यक्षांकडे वळल्या. "दादा, तुमच्या उसाची मोटर डोहाच्या कुठं हाय? वर का खाली?"

अध्यक्षांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "खाली," ते म्हणाले. "आन पिन्याची हीर बी."

 मग अध्यक्ष काकांकडे बघून म्हणाले, "पर मग बोर्ड तरी लावा वो तिथं. आमाला काय कळतंय मुळीत काय हाय आन शेंड्यात काय हाय." आणि ठराव बदलला. मुदत काढून टाकली, डोहाला कुंपण घालायचं ठरलं, आणि मुळ्यांचा हौद मोठा बांधायचंही. आणलेला जेसीबी वाया जाऊ नये म्हणून अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी त्याच्याच सोंडेने बोर्डाच्या दोन खांबांसाठी खड्डे खणून दिले. पहारीने दहा मिनिटांत झाले असते. तिथे आता एक म्हैस उभी राहील एवढे खड्डे झाले आणि ते बुजवण्यात काकांची सकाळ गेली. बोर्डावरचा मजकूर काकांचाच: 'वाळा ड्युटीवर आहे. मुळ्या काढू नयेत. वास घ्यायला हरकत नाही.'

त्या सकाळी हजेरी उशिरा झाली. मी शाळेला निघाले होते. काका हजेरीबुक पायरीवर उघडं ठेवून हात धुवायला गेले होते म्हणून मी डोकावले. वाळा, पाणकणीस, लव्हाळा, मुकादम, सगळे हजर. त्याखाली लाल शाईत 'नवीन भरती', आणि पुढे लिहिलं होतं, 'मॅडम. हजर.'

 त्या दिवशी शाळेत मी मुलांना गृहपाठ द्यायचा विसरले.

पुढे चार वर्षांनी माझी शिर्डीजवळच्या शाळेत बदली झाली. फोन होत राहिले. फोनवर काका कधी तब्येत विचारत नसत, मोरी कुठे जाते ते विचारत. काकू मागून सांगायच्या की बुकात रोज माझ्या नावापुढे 'रजा' लिहितात, पगारी का बिनपगारी ते ठरलेलं नाही.

गेल्या दिवाळीत गेले. काकांचे गुडघे गेलेत, अंगणापर्यंतची फेरी आता ओसरीच्या टोकापर्यंतच होते. हजेरी काकू घेतात आणि त्या त्यांच्यापेक्षा कडक आहेत. नंबर सतरा चार दिवस सुकलेला दिसला म्हणून त्याला नोटीस दिली म्हणाल्या. डोहावर बगळे होते. काठावर अध्यक्षांचा धाकटा गळ टाकून बसला होता आणि काकूंनी त्याला हाकलला, कारण लॅबचा कागद दरवर्षी थोडा थोडा चांगला येतोय, पण मासे खायला अजून परवानगी नाही.

मी ओसरीवर बसले. काकांनी खाटेखालून दोन बरण्या ओढल्या. त्याच बरण्या, तोंडाला फडकं.

"सांगा. वरची कंची आन डोहातली कंची?"

मी पहिली हुंगली. दुसरी हुंगली. परत पहिली. चष्मा काढून परत दुसरी. दोन्हींना पाणी पाजलेल्या वाफ्याचाच वास होता. इतकी वर्षं नाकाचा अभिमान बाळगलेली बाई मी, पण काही केल्या ओळखू येईना. शेवटी अंदाजाने पहिलीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "ही डोहातली."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही. मग ते आत तोंड करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"अगं, च्या टाक. मॅडम नापास झाल्या."